वार्डी टेस्ट अखेर पास, पण सेव्ह फाइल फुगली

मी बनवत असलेल्या फुटबॉल क्लब चालवण्याच्या गेमबद्दल तीन आठवडे गप्प होते कारण सांगण्यासारखं काही नव्हतं, नुसती चिडचिड. काल रात्री गुन्हेगार सापडला आणि तो मीच निघाले.

फिक्स्ड पोटेन्शियल, म्हणजे खेळाडू जास्तीत जास्त किती चांगला होईल याची आधीच ठरलेली मर्यादा, मी गेममधून काढून टाकलंय. 'फुटबॉल मॅनेजर' या गेमसारखं सटवाईने कपाळावर लिहिल्यागत 200 पैकी एक पीए (पोटेन्शियल अॅबिलिटी, तीच मर्यादा) द्यायचा आणि पोरगं त्याच्या पुढे जाणारच नाही, हे मला कधीच पटलं नाही. निगेटिव्ह पीएमुळे (तिथे आकड्याऐवजी रेंज ठरलेली असते) दर नव्या सेव्हला आकडा वेगळा पडतो, मान्य, पण एकदा पडला की तीही काळ्या दगडावरची रेघच. माझ्याकडे प्रत्येक अॅट्रिब्यूट (खेळाडूचा एकेक गुण) आपल्या चालीने वाढतं, वेग आधी चढतो आणि आधी उतरतो, पोझिशनिंग (योग्य जागी असणं) तिशीपर्यंत सुधारत राहतं, वर मैदानावर मिळालेल्या मिनिटांचा हिशोब आणि दर सीझनला एक रँडम झटका.

आणि तरी वार्डी टेस्ट नापास! फ्लीटवूडकडून नॉन-लीग (इंग्लंडच्या वरच्या चार डिव्हिजनच्याही खाली) खेळणारा जेमी वार्डी 2012 मध्ये, पंचविशीत, लेस्टरला येतो, 2016 मध्ये प्रीमियर लीग जिंकतो आणि 33व्या वर्षी 23 गोल मारून सर्वाधिक गोलचा गोल्डन बूट घेतो. गेमच्या 20 सीझनमध्ये असा एक तरी खालून वर यायला हवा ना? माझ्याकडे शून्य. झटका दुप्पट केला तर एकतिशीतले डिफेंडर अचानक जादूगार व्हायला लागले, पण खालून कोणी येईना. मिनिटांचं वजन कमी केलं तर मोठ्या क्लबांच्या बेंचवरची पोरं फुकटात वाढायला लागली. दोन आठवडे नुसते स्लायडर हलवण्यात गेले.

शेवटी वैतागून सगळा डेटा एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये टाकला (स्प्रेडशीटचा नाद सोडा, एवढ्या ओळींवर फिल्टर लावला की आचके देतं) आणि वय विरुद्ध रेटिंग असा साधा ठिपक्यांचा ग्राफ काढला. 22 वर्षांपर्यंत 50च्या खाली ठिपक्यांचा खच आणि 23पासून पुढे तोच कोपरा सुरीने कापल्यासारखा रिकामा. कोड उघडला तर सीझन संपल्यावर चालणारं साफसफाईचं फंक्शन: वय 23, रेटिंग 50च्या खाली, क्लब नाही, तर डिलीट. शेजारी माझीच कमेंट, 'मेमरीसाठी, नंतर बघू'. म्हणजे माझे सगळे वार्डी फुलायच्या आधीच कचऱ्यात जात होते आणि मी खत बदलत बसले होते.

ती ओळ काढली. पहिल्याच रनमध्ये प्लेअर 40817: 19व्या वर्षी क्लबने सोडला, तीन वर्षं चौथ्या डिव्हिजनमध्ये घासला, फिनिशिंग (गोल मारण्याचं कसब) हळूहळू चढत गेलं आणि 27व्या वर्षी टॉप डिव्हिजनमध्ये टॉप स्कोअरर. त्याची करिअर हिस्टरी मी चार वेळा वाचली, खोटं कशाला बोलू.

आता रडगाणं. कोणीच डिलीट होत नाही त्यामुळे सेव्ह फाइल चौपट झालीय आणि सीझन पुढे ढकलायला एवढा वेळ लागतो की मधे जेवण उरकून होतं. क्लब नसलेल्यांची फक्त पाच-सहा फील्ड ठेवायची असं ठरवलं होतं, पण हे लिहितानाच डोक्यात आलं की ज्यांना कोणी बघतच नाही त्यांचा आकडा तरी कशाला ठेवायचा? नुसती रेंज ठेवायची, स्काउट (क्लबसाठी खेळाडू हेरणारा) मॅच बघायला गेला की तेव्हा फासा टाकायचा. फक्त लोक रीलोड करून हवा तो फासा पाडून घेतील, म्हणजे सीड (फासा कसा पडेल ते ठरवणारा सुरुवातीचा आकडा) प्लेअर आयडीवरून काढायला हवं.

अरे हो, आणि वयाचा कर्व्ह, म्हणजे कोणत्या वयात खेळाडू किती चढतो-उतरतो ते! तोही उरलेल्यांच्या सरासरीवरच बेतलाय, घसरलेले रिटायर होऊन मोजणीतून बाहेर, म्हणून माझे 34 वर्षांचे सगळे इतके झकास दिसतात. म्हणजे रेंजचं काम पुढच्या आठवड्यात, आधी हा कर्व्ह.