कंडोम वापरलेला, तरी डोक्यातनं जात नव्हतं: माझा अनुभव

कंडोम फाटला नव्हता, निसटला नव्हता, हे मला पक्कं माहीत होतं. तरीपण दुसऱ्या दिवसापासनं जी भीती बसली ती काय सांगू. लघवीला जरा जळजळलं की वाटायचं झालं काहीतरी, घसा खवखवला तरी तेच, रात्री मोबाईलवर लक्षणं वाचत बसायचो आणि जे वाचीन ते सगळं अंगात दिसायला लागायचं. घरात कुणाला सांगणार? आणि आमच्या खानापूर साईडला ओळखीच्या डॉक्टरकडं गेलं की गल्लीभर होतंय, म्हणून तिकडंपण पाय वळेना.

शेवटी १०९७ ला फोन लावलो. एड्स हेल्पलाईन, फुकट आहे. तिथनं कळलं की सरकारी दवाखान्यात आयसीटीसी म्हणजे एचआयव्हीचा सल्ला आणि तपासणीचं केंद्र असतंय, एचआयव्हीची टेस्ट तिथं फुकट होते.

मग बेळगावला सिव्हिलला गेलो. बोर्ड कन्नडमध्ये, पण कौन्सिलर मॅडम मी तोंड उघडल्याबरोबर मराठीत सुरू झाल्या, तिथंच अर्धा जीव भांड्यात पडला. कंडोम सुरवातीपासनं शेवटपर्यंत होता का विचारल्या. मी पेपच्या, म्हणजे संबंधानंतर एचआयव्ही होऊ नये म्हणून घ्यायच्या गोळ्यांचं विचारलो, तर म्हणाल्या कंडोम शाबूत असेल तर लागत नाहीत, फाटला असता तर मात्र ७२ तासांच्या आत सुरू करायला पाहिजे, जितक्या लवकर तितकं बरं, आणि मग २८ दिवस घ्यायच्या.

मग ओरल सेक्सचं, म्हणजे तोंडानं केलेल्याचं विचारल्या. तिथं कंडोम नव्हता. इतके दिवस मी नुसतं एचआयव्ही एचआयव्ही करत बसलेलो आणि हे डोक्यातच आलं नव्हतं. त्यांनी नीट फोड करून सांगितलं, ओरलमधनं एचआयव्हीचा धोका फार कमी, पण गनोरिया, सिफिलिस असले दुसरे गुप्तरोग होऊ शकतात. आणि कंडोम एचआयव्ही, गनोरिया, क्लॅमिडियाला चांगला अडवतो, पण हर्पिस, एचपीव्ही, सिफिलिस हे कातडीला कातडी लागून पण येतात, कंडोमनं झाकलं नाही तिथनं. धोका कमी होतो, शून्य नाही. मला खरं सांगू, कुणी "काही होत नाही जा" म्हटलं असतं तर मी परत रात्रभर वाचत बसलो असतो, हे ऐकून उलट शांत वाटलं.

एचआयव्ही टेस्टच्या आधी संमतीची सही घेतात, तुमच्या परवानगीशिवाय टेस्ट करता येत नाही आणि रिपोर्ट दुसऱ्याला सांगता येत नाही, २०१७ चा कायदाच आहे. पण लगेच केलेल्या टेस्टला अर्थ कमी. गनोरिया-क्लॅमिडियाची लघवीची पीसीआर (जंतूंचा अंश शोधणारी टेस्ट) दोन आठवड्यांनी, ती मी बाहेरच्या लॅबमध्ये केलो. एचआयव्हीची फोर्थ जनरेशन, म्हणजे लवकर पकडणारी नवी टेस्ट ४५ दिवसांनी, पण सिव्हिलची साधी रॅपिड (झटपट टेस्ट, जरा उशिरा पकडणारी) असल्यामुळं मॅडम तीन महिन्यांनी परत या म्हणाल्या, सिफिलिसचंपण तेव्हाच फायनल.

मधले दिवस जड गेले. जिच्याबरोबर झालं होतं तिलापण फोन करून सगळं सांगितलो, ती आधी गप्पच झाली, मग म्हणाली मीपण जाऊन करून घेते, आणि केलीपण. दोघांचे सगळे निगेटिव्ह आले.

जळजळीचं म्हणाल तर स्किन-व्हीडीच्या (कातडी आणि गुप्तरोगाच्या) डॉक्टरांनी लघवी तपासली, काही निघालं नाही, पाणी कमी पिताय म्हणाले. हेपॅटायटिस बी ची लस घेतली नव्हती हे त्यांच्याच विचारण्यातनं निघालं. तिचे तीन डोस, दुसरा महिन्यानं, तिसरा सहा महिन्यांनी. पहिले दोन झालेत, तिसरा राहिलाय.