वजनकाट्यावरून पन्हाळ्याला

कोल्हापुरात गाडी नवी घ्या नाहीतर जुनी, पहिला प्रश्न ठरलेला: "ॲव्हरेज किती देती?" आमचं चाकावरचं घर म्हणजे जुन्या मिनीबसमध्ये बसवलेला पलंग, ओटा, पाण्याची टाकी आणि छतावर भलंमोठं कॅरियर. लिटरला आठ किलोमीटरच्या आसपास रेंगाळणारं. त्याहून वाईट म्हणजे हायवेला शेजारून कंटेनर गेला की गाडी आधी बाहेर ढकलली जायची, मग आत ओढली जायची आणि मागचा भाग बराच वेळ डुलत राहायचा. कोकणात उतरायच्या आधी ही दोन्ही दुखणी बघून घ्यायची ठरली. त्यासाठी लांब जायची गरज नव्हती. सपाट हायवे, घाट, वजनकाटे आणि उद्यमनगर, सगळं इथंच तासाभराच्या आत.

सुरुवात वजनकाट्यापासून. गळिताचे दिवस, त्यामुळे पुढे उसाच्या ट्रॉल्यांची रांग आणि प्रत्येक ट्रॅक्टरवर वेगळं गाणं. आमची बारी आली तेव्हा काटेवाल्याला सांगितलं, आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घेतो, मग पूर्ण गाडी. "अर्धी गाडी मोजून काय करणार?" तो म्हणाला. पण पावत्यांनीच सगळं सांगितलं. पुढचा भार फारच कमी आणि मागं नको तितका.

कारण टाकी. ती मागच्या ॲक्सलच्याही, म्हणजे मागची चाकं जोडणाऱ्या दांड्याच्याही, मागं होती. 100 लिटर पाणी म्हणजे 100 किलो. टाकी ॲक्सलच्या 1.1 मीटर मागं आणि दोन ॲक्सलमधलं अंतर 3.3 मीटर असेल, तर पुढची चाकं 33 किलोनं हलकी होतात आणि मागच्यांवर 133 किलो चढतात. शाळेतल्या तरफेचाच हिशेब. पुढचं चाक हलकं झालं की स्टेअरिंग पोकळ लागतं, आणि शेपटीकडचं वजन एकदा हललं की लवकर थांबत नाही.

तिथून शिवाजी उद्यमनगर. इथल्या मिस्त्रींना अमुक पार्ट मिळत नाही हे कारण ऐकवत नाही. मिळत नसेल तर करून देतात. कोल्हापूरच्या छत्रपतींची जुनी मेबॅक मोटार अजून दसऱ्याला दिमाखात चौकात येते, ते याच गावात. मी आपला मागं एक कमानपाटा वाढवून घ्यायच्या विचारात होतो. मिस्त्री गाडीखालून बाहेर आले आणि म्हणाले, "पाटा वाढवून काय हुतंय? माल मागं हाय म्हणून गाडी बसलीया. माल पुढं घ्या की." त्यांनी अँटी-रोल बारचे, म्हणजे गाडीचं कलणं आवरणाऱ्या दांड्याचे, झिजलेले बुश आणि मागचे शॉकअप बदलले, अलाइनमेंट करून घ्यायला सांगितली. टाकी दोन्ही ॲक्सलच्या मधे, सीटखाली आली. डिझेलच्या नळीला चुंबक लावून ॲव्हरेज वाढतं असं सांगणारेही भेटले. त्यांना नमस्कार.

डिझेलचा हिशेब कागल-निपाणीच्या हायवेवर. पद्धत जुनीच: एकाच पंपावर, एकाच नोझलनं, ऑटो कटपर्यंत टाकी फुल, निपाणीपर्यंत जाऊन त्याच रस्त्यानं परत, म्हणजे वारा आणि चढउतार बऱ्यापैकी फिटतात, मग पुन्हा फुल. पहाटेच निघायचं, कारण एकदा ट्रॉल्या रस्त्यावर आल्या की वेग एकसारखा राहत नाही. वहीत बायको लिहायची, आणि माझा पाय जड झाला की तेही लिहायची.

फरक दिसला तो वेगात. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणजे 60 वरून 80 वर गेलं की जवळजवळ पावणेदोन पट. मोटारहोमचं तोंड सपाट आणि अंग उंच, त्यामुळे हे आकडे तिला चांगलेच बोचतात. 80 ऐवजी 65 ला आलो, कॅरियर उतरवलं, आणि गाडी लिटरला दहाच्या पुढं गेली. कॅरियर गेल्यावर डोक्यावरची शीळही थांबली. टायरमध्ये हवा थंड असतानाच मोजायची, आणि काट्यावरच्या वजनाला कंपनीच्या तक्त्यात जितके पौंड दिलेत तितकीच भरायची. कमी हवेत टायरची बाजू चेपत राहते, तापते आणि डिझेल खाते. मुद्दाम जास्त भरली तर खड्ड्यावर चाक उडतं आणि पकड जाते.

मग पन्हाळ्याचा रस्ता, केर्लीवरून वाघबीळ. इथल्या वळणांवर आधी ओट्याखालची भांडी एका बाजूला जमायची. आता गाडी कलते, पण कलून थांबते. स्टेअरिंगला वजन आलंय. चढाचा हिशेबही मनात केला: चार टनांची गाडी 400 मीटर वर न्यायची आणि इंजिन डिझेलमधली एक तृतीयांश ऊर्जा कामी लावतं असं धरलं, तर नुसत्या चढाला सव्वा लिटरच्या वर डिझेल. त्यात 100 किलो पाण्याचा वाटा जेमतेम तीस-पस्तीस मिलिलिटर. म्हणून पाणी कमी करून डिझेल वाचेल ही आशा सोडा; पाणी कुठं ठेवलंय ते बघा.

वर झुणका-भाकरी, दही, ठेचा. यावर जास्त लिहीत नाही, नाहीतर गाडीचं राहून जाईल.

उतरताना दुसरा गिअर. आपल्याकडे उताराला न्यूट्रल टाकून डिझेल वाचवणारे अजून आहेत. इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या इंजिनात गिअरमध्ये असताना ॲक्सिलेटरवरून पाय काढला की डिझेल बंदच होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळत राहतं. शिवाय सगळा भार ब्रेकवर, तो वेगळाच.

आडवा वारा मात्र अजून छळतो. शिरोलीजवळ पंचगंगेच्या पुलावर कंटेनर ओलांडून गेला तेव्हा गाडी एकदा ढकलली गेली, पण डुलली नाही. उंच डब्याला एवढं चालायचंच. मिस्त्रींना फोन करून सांगितलं, तर म्हणाले, "मग पन्नासनं चालवा की."