अमिंतासची कबर, प्लास्टरमध्ये: ओसरी कोरून झाली

मूळ वास्तू तेल्मेसोसची, म्हणजे तुर्कस्तानातल्या आजच्या फेथियेची; इ.स.पू. चौथं शतक. कड्यात कोरलेला आयोनिक (वेटोळ्या माथ्याच्या स्तंभांची ग्रीक शैली) दर्शनी भाग, दोन बाजूंच्या भिंतींमध्ये दोन स्तंभ, मागे ओसरी आणि दगडात कोरलेली लाकडी दाराची नक्कल.

तिच्या छोट्या प्रतिकृतीसाठी ठोकळा 200 मिमी उंच, 180 रुंद, 100 खोल. प्लास्टर ऑफ पॅरिस 3.4 किलो, पाणी 2.4 लिटर. पावडर पाण्यात सोडायची, पावडरीत पाणी नाही. दोन मिनिटं मुरू द्यायची, मग सावकाश ढवळायचं. पहिला ठोकळा बाद. तो दोन खेपांत ओतला आणि सांधा नेमका स्तंभांच्या मध्यावर आला. पटाशी लागताच दोन्ही स्तंभ तिथूनच तुटले. दुसरा एकाच बादलीतून ओतला.

कोरकाम वरून खाली, वेरूळच्या कैलासासारखं आधी कळस मग पाया. तेल्मेसोस ज्या प्राचीन प्रदेशात होतं त्या लिकियाशेजारच्या काउनोसला एक कबर अर्धवट राहिली आहे: वरचा भाग घडवलेला, खालचा कडा तसाच. कारागिरांचा क्रम त्यावरून उघड दिसतो. इथेही आधी त्रिकोणी पेडिमेंट, मग दातांची पट्टी. दात 2 मिमी, मधली फट 1.5. प्लास्टर सुकलं की दातांचे कोपरे भुरभुरतात, म्हणून दर दहा मिनिटांनी पाण्याचा फवारा. हे दात म्हणजे लाकडी छताच्या वाशांची टोकं, दगडात उतरलेली. भाज्याच्या चैत्यलेण्याच्या छताला लावलेल्या लाकडी वाशांमागेही हीच सवय आहे.

स्तंभ 90 मिमी उंच, बुंध्याशी 10 मिमी. आयोनिकला 9:1 शोभतं. पण ओसरी पूर्ण पोखरेपर्यंत ते 14 मिमीचे चौकोनी खांबच ठेवायचे. आधी गोल केले तर मागून पटाशी मारताना आडवा दाब बसतो आणि मान तुटते. वजनाने ते मोडत नाहीत, कारण कोरीव वास्तूत छत स्तंभावर उभं नसतं. घारापुरीत खांबांचे बुंधे गेले तरी माथे छताला लटकत राहिले होते, ते याचमुळे.

ओसरी 25 मिमी खोल: 3 मिमीच्या ड्रिलने ओळीने भोकं पाडली, मधले पडदे पटाशीने काढले. स्तंभ शेवटी कानशीने आठ कोनी, मग गोल. पन्हळी नाहीत, मूळ स्तंभही गुळगुळीतच आहेत.

दाराला चार तावदानं, 1 मिमी आत. खिळ्यांचे उठावदार माथे कोरणं या मापात वेडेपणा. दाट प्लास्टरचे ठिपके सुईने ठेवले. उजवीकडचं खालचं तावदान मूळ कबरीसारखं फोडलेलं दाखवायचंय, ते पूर्ण सुकल्यावर. ओल्यात फोडलं तर कड चुरगळते, दगडासारखी तुटत नाही.