एपिस्टोची टाकी लावताय? पैसा तळात घाला

इंदूरमध्ये कोणी प्लांटेड, म्हणजे जिवंत झाडांची, माशांची टाकी लावतोय म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, लाइट कुठली घेऊ आणि झाडांसाठी सीओटूचं सिलिंडर कितीला पडतं, आणि मासा कोणता तर एपिस्टो नाहीतर जर्मन ब्लू रॅम, दोन्ही छोटे रंगीत सिक्लिड. म्हणजे जो मासा दिवसभर तळाशी फिरणार त्याच्यासाठी सगळा खर्च वरच्या बाजूला. माझं सरळ मत आहे, असल्या बुटक्या सिक्लिडला पसरट तळ हवा, उंची गेली खड्ड्यात. दोन बाय एक बाय एक फूट, साधारण ५४ लिटर, एवढ्यात कॉकाटू जातीच्या एपिस्टोची एक जोडी मजेत राहते. त्याच पैशात कोणी उंच दिसणारी छोट्या तळाची टाकी देत असेल तर हात जोडा आणि पुढे चला.

आता पाणी. आपल्याकडे नळाला नर्मदा येते, पार जलूदहून पंप करून, आणि ते पाणी झाडांना, गप्पीला, मॉलीला उत्तम आहे. पण एपिस्टो ॲमेझॉनच्या मऊ, म्हणजे चुना कमी असलेल्या, किंचित आम्ल पाण्यातले. बोरिंगचं पाणी तर विसराच, माळव्यातल्या दगडातून आलेलं ते, बादलीच्या कडेला पांढरा थर बघितलाय ना? मी घरच्या आरओचं आणि नळाचं पाणी निम्मं-निम्मं मिसळतो, नळाचं आदल्या दिवशी बादलीत भरून ठेवलेलं, क्लोरीन उडून जावा म्हणून, घाई असेल तर क्लोरीन मारणारं अँटीक्लोरीन. टीडीएस मीटर आता प्रत्येकाकडे असतो पण त्याच्यावर फार जाऊ नका, तो फक्त एकूण किती विरघळलंय ते सांगतो, पाणी कठीण आहे की नाही ते बघायला जीएच-केएचचं, म्हणजे कठीणपणा आणि क्षारता मोजायचं, थेंबवालं किट लागतं. आणि काही आरओमध्ये क्षार परत घालणारं मिनरल कार्ट्रिज असतं, तुमच्यात असेल तर पाणी त्याच्या आधीच काढायला लागेल, नाहीतर एका हाताने काढायचं आणि दुसऱ्या हाताने घालायचं असं होतं.

ह्याच कारणासाठी पहिल्यांदा करणाऱ्याला मी रॅम घेऊ देत नाही. तो ओरिनोकोच्या खोऱ्यातला, व्हेनेझुएला-कोलंबियाकडचा, त्याला २८ डिग्रीच्या आसपास गरम आणि मऊ पाणी लागतं, नवीन टाकी त्याला अजिबात सोसत नाही आणि दुकानात येणारा माल बऱ्याचदा फार्मचा, रंग चढवून आणलेला, आठवडाभर झकास दिसतो आणि मग कोपऱ्यात जाऊन बसतो. कॉकाटू पिढ्यान्‌पिढ्या टाकीत वाढलेला आहे, थोडं कडक पाणी चालवून घेतो. अडचण एकच, दुकानदार नरच दाखवतो कारण शेपटीवर लाल-नारिंगी त्याच्याच असतं, मादी बारीक, फिकट, कोणी मागत नाही म्हणून आणतच नाहीत. सांगून मागवा.

तळाला बारीक वाळू, रंगीत खडी नको. हा मासा तोंडात वाळू भरतो, चाळतो आणि कल्ल्यांतून बाहेर सोडतो, दिवसभर हाच उद्योग, खडीवर ठेवलात तर बिचाऱ्याचं कामच काढून घेतलंत. बांधकामाची नर्मदेची रेती चालते, मैद्याच्या जुन्या चाळणीने चाळून घ्या आणि पाणी नितळ निघेपर्यंत धुवा, हात दुखतात पण फुकटात पडतं. दगड आपल्या माळव्यात काय कमी आहेत, काळा पाषाण पाण्यात काहीही सोडत नाही. फक्त नीट बघून घ्या, त्याच्या भोकांमध्ये पांढरं काहीतरी भरलेलं असतं, ते कधी कधी कॅल्साइट, म्हणजे चुन्याचं खनिज, निघतं. संडास साफ करायच्या ॲसिडचा एक थेंब त्या पांढऱ्यावर टाकायचा, अंगणात बरं का, घरात नाही, आणि बुडबुडे फसफसले तर तो दगड कुंडीत ठेवा. नाहीतर तुम्ही आरओने मऊ केलेलं पाणी दगड परत कडक करणार.

झाडांत मला कौतुक आहे ते आळशी झाडांचं. अनुबियास आणि जावा फर्न लाकडाला दोऱ्याने बांधा, वाळूत पुरलंत तर खोड सडतं. क्रिप्टोकोरीन वाळूत, मुळाशी खताची गोळी, सुरुवातीला सगळी पानं वितळतील पण उपटू नका, खालून नवी येतात. मागे वॅलिसनेरिया. वर थोडं साल्विनिया तरंगू दे, कारण उजेड मंद असला की एपिस्टो बाहेर फिरतात आणि भगभगीत लाइटमध्ये लपून बसतात. सहा-सात तास लाइट पुरे. सीओटूची गरज नाही.

मग ओल्या नारळाच्या करवंट्या. आपल्या घरात त्या हव्या तेवढ्या, उकळून, साफ खरवडून, काठाला बोटभर खाच पाडायची आणि पालथी ठेवायची. मादी आत छताला लालसर अंडी चिकटवते आणि कधी कधी दाराशी वाळू ढकलून फट एवढीशी करून घेते की नर आत शिरूच शकत नाही. मधे लाकूड असं ठेवा की एका करवंटीतून दुसरी दिसणार नाही. तळाला बदामाची वाळलेली पानं टाका, आपल्या कॉलन्यांमध्ये रस्त्यावर पडलेली असतात ती, खायच्या बदामाची नाहीत. पाणी कोऱ्या चहासारखं होतं, आई म्हणते एवढा खर्च करून गढूळ पाणी आणलंस, पण पिल्लांना त्या पानांवरच पहिलं खाणं मिळतं.

हे सगळं लावून झालं की चार-सहा आठवडे मासा न टाकता फिल्टर चालू ठेवायचा, त्यात थोडं खाणं टाकत, अमोनिया आणि नायट्राइट, म्हणजे घाणीतून होणारी विषं, दोन्ही शून्य येईपर्यंत. इथे सगळे उतावळे होतात.

उन्हाळ्याचं म्हणाल तर मे महिन्यात बिनएसीच्या खोलीत टाकी सहज ३१-३२ ला जाते. झाकण काढून जाळी लावायची, मासे उडी मारतात म्हणून, आणि वरून छोटा पंखा, आपली हवा कोरडी असल्यामुळे दोन-तीन डिग्री उतरतात, पावसाळ्यात मात्र हा उपाय फुसका. आणि एक गंमत, जर्मन संशोधकांनी १९९६ साली दाखवलंय की एपिस्टोच्या बऱ्याच जातींत पिल्लं नर होणार की मादी हे पाण्याच्या तापमानावरही ठरतं, गरम पाण्यात नर जास्त, थंडात माद्या. म्हणजे मेमध्ये अंडी घातली तर घरात सगळे मुलगेच. माद्या हव्या असतील तर दिवाळी ते होळी हा सीझन धरा, हीटर २५ वर लावा आणि आर्टेमियाची, म्हणजे पिल्लांना खायला द्यायच्या बारीक कोळंबीसारख्या जीवांची, अंडी उबवायची बाटली दोन दिवस आधीच लावून ठेवा, कारण पिल्लं पोहायला लागली की त्यांना लगेच खायला लागतं.