तुम्ही विचारलंत म्हणून: घरासाठी वेल्डिंग मशीन कुठलं घ्यावं?

लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, रात्री साडेदहाला फोनवर, प्रश्न एकच असतो: "ताई, घरच्या कामाला वेल्डिंग मशीन कुठलं घेऊ?" मी कंपनीचं नाव सांगत नाही म्हणून माणसं नाराज होतात. काहींना वाटतं, मुद्दाम सांगत नाही. तसं नाही. एकदाच सगळं लिहून टाकते.

मशीनपुरतं उत्तर छोटं आहे. सिंगल फेजवर चालणारं, २०० अँपिअरचं, रॉडचं इन्व्हर्टर मशीन (वीज गेल्यावर लागतो तो घरचा इन्व्हर्टर नव्हे) घ्या. मिगच्या, म्हणजे रॉडऐवजी वायर आणि गॅसवर चालणाऱ्या मशीनच्या, मागे लागू नका. गॅसची बाटली, रेग्युलेटर, वायरचं बंडल सांभाळत बसावं लागतं, आणि उघड्या अंगणात वारा सुटला की गॅस उडून जातो नि वेल्डला भोकं पडतात. लेबलवरच्या मोठ्या आकड्यापेक्षा त्याच्या शेजारची ड्युटी सायकल वाचा. ६० टक्के लिहिलं असेल तर त्या करंटला दहा मिनिटांतली सहा मिनिटंच मशीन चालणार, चार मिनिटं थंड व्हायला. घरी त्याची अडचण होत नाही, कारण आपला बहुतेक वेळ पाईप कापण्यात आणि गुण्या लावून काटकोन जुळवण्यात जातो. १२ नंबरचा, म्हणजे अडीच मिलिमीटरचा ६०१३ रॉड ७० ते ९० अँपिअरवर जळतो आणि तेवढं काम १६ अँपिअरच्या चांगल्या प्लगवर निभतं. त्याहून जाड, १० नंबरचा जाळायचा असेल तर इलेक्ट्रिशियनकडून वेगळी लाइन ओढून घ्या. पातळ एक्स्टेन्शनवर मशीन लावलं की व्होल्टेज पडतं, रॉड चिकटतो आणि शिव्या मशीनला बसतात.

एवढं ऐकलं की लोक उठतात आणि दुकान गाठतात. माझा जीव वरखाली होतो तो इथे.

अण्णांच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मागच्या दाराच्या पायऱ्यांना आम्ही रेलिंग करून घेतलं होतं. फॅब्रिकेटर ओळखीचा, त्याच्या शेडमध्ये ४०० अँपिअरचं, तेलाने थंड होणारं मशीन. रेलिंग दिसायला देखणं होतं. वेल्ड घासून गुळगुळीत केलेले, त्यावर पुट्टी, त्यावर काळा ऑइलपेंट. दुसऱ्या पावसाळ्यात एका सकाळी अण्णा दूध घ्यायला त्या पायऱ्या उतरत होते. खालचा खांब बेसप्लेटपासून सुटला आणि ते रेलिंगसकट फरशीवर आपटले. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला, आणि त्या दाराने अण्णा पुन्हा कधी उतरले नाहीत.

त्या रात्री त्यांचे कपडे न्यायला घरी आले होते. टॉर्च घेऊन मी तो सुटलेला जोड बघितला. खांब दीड इंची चौकोनी पाईपचा, १८ गेजचा, म्हणजे पातळ पत्र्याचा. खाली सहा मिलिमीटरची प्लेट. वेल्डचा सगळा माल पाईपला धरून वर आला होता, चारी बाजूंनी अखंड. प्लेटवर मात्र मिलस्केल, म्हणजे नव्या लोखंडावरचा तो निळसर काळा पापुद्रा, जसाच्या तसा होता. बोट फिरवलं तर गुळगुळीत लागला. एका कोपऱ्यात मसुराएवढ्या जागेत तेवढं लोखंड खरोखर वितळून प्लेटमध्ये शिरलेलं. त्या ठिपक्यावर अण्णा रोज भार टाकत होते.

कारण अगदी साधं. पातळ पाईपला भोक पडेल म्हणून करंट कमी ठेवलेला आणि आर्क, म्हणजे रॉडच्या टोकाचा लखलखता जाळ, पाईपवरच धरलेला. जाड प्लेट उष्णता ओढून घेते. आर्कचा रोख तिच्यावर हवा, तिथे लोखंड वितळलं की माल पाईपवर आणायचा. प्लेट ग्राइंडरने घासलीही नव्हती. मग मशीन ४०० अँपिअरचं असून काय उपयोग?

फॅब्रिकेटर लोक वाईट काम करतात असं मी म्हणत नाही. आमचं गेट आणि टाकीचा स्टँड त्यांच्यातल्याच दुसऱ्या एकाने केलाय, अजून भक्कम आहे. पण पुट्टीखाली काय आहे हे मला दिसत नाही आणि ते आता मला चालत नाही. म्हणून मशीन घेतलं.

आणि म्हणूनच सांगते, मशीन आणल्यावर आधी वस्तू बनवू नका, जोड तोडा. आमच्या कोल्हापुरात उद्यमनगराच्या आसपास भंगार मिळतं, तसं तुमच्याकडेही मिळेल. प्लेटवर तुकडा उभा धरून एकाच बाजूने वेल्ड मारा, प्लेट व्हाइसमध्ये आवळा आणि उभा तुकडा हातोड्याने वेल्डच्या अंगाला पार दुमडा. तुटलेल्या जागी चंदेरी खरबरीत दाणा दिसला तर जोड धरलाय. काळी रेघ किंवा आत अडकलेला स्लॅग, म्हणजे रॉडवरच्या लेपाचा जळका कचरा, दिसला तर नाही. पुन्हा मारा, पुन्हा तोडा. तोंडापुढच्या वेल्डिंगच्या मुखवट्याची काच १० किंवा ११ शेडची, म्हणजे तेवढी गडद हवी, उन्हाचा गॉगल अजिबात नाही. डोळ्यांची आग कित्येक तासांनी, बहुधा मध्यरात्री सुरू होते, म्हणून माणूस गाफील राहतो. आजूबाजूला पोरं उभी असतील तर आर्क मारूच नका. जीआय पाईपवरचा जस्ताचा थर आधी घासून काढा, तोही तोंडाला चांगला मास्क लावून. त्या पांढऱ्या धुराने थंडीताप भरतो.

आता माझं माझ्याशीच न मिटलेलं भांडण. सुरुवातीला मी सगळ्यांना ठासून सांगायचे, माणसाचा भार येईल असं काहीही घरी वेल्ड करायचं नाही. टेबल करा, कुंड्यांचा स्टँड करा. झोपाळा, शिडी, रेलिंग नाही. आणि मग मागच्या दाराचं नवं रेलिंग मीच केलं. तेव्हाची मी समोर आली तर विचारेल, "तुझा जोड कुणी तपासलाय?" कुणी नाही. वरून बघून माल आत किती शिरलाय हे मलाही सांगता येत नाही. तोडून बघितले ते तुकडे, रेलिंग नव्हे. तोच पाईप, तीच प्लेट, तोच करंट, एवढीच माझी खात्री. ती पुरेशी आहे का? आईला त्या रेलिंगला धरून उतरताना बघते तेव्हा वाटतं, पुरेशी आहे, आणि कुणी झोपाळ्याच्या कड्याबद्दल विचारलं की तोंडातून ठाम "नको" निघतं. दोन्ही मनापासूनच.

तर पुढच्या वेळी मशीनचं नाव विचारण्याआधी मला हे सांगा: काय जोडायचंय, पाईप किती गेजचा, प्लेट किती जाड, आणि त्यावर कोण टेकणार आहे.