अंगठ्याची चादर

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मी जेकार्डची, म्हणजे मागावर विणायच्या नक्षीची, डिझाइनं करतो. मोर, फुलं, देवळाचं शिखर. गिऱ्हाईक तेच मागतं. त्यामुळे बडोद्याला कला शिकलेल्या एका मुलीच्या पेनड्राइव्हमधून नुसत्या काळ्या रेघोट्या निघाल्या, तेव्हा मला वाटलं फाइलच बिघडलीय. तिच्या अंगठ्यानं दिवसभरात मोबाइलवर जेवढं सरकवलं, त्याची ती नोंद होती. प्रदर्शनासाठी ती तिला चादरीच्या मापात विणून हवी होती.

स्क्रीनवरचा ठिपका चौकोनी. आमच्याकडे इंचात उभे धागे जास्त, आडवे कमी. जसंच्या तसं विणलं तर गोलाचं अंडं होतं. ते मी संगणकावर दाबून बसवलं. खरा घोळ पुढे होता. रेघा जवळपास सगळ्या उभ्या, कारण आपण खाली-वरच सरकवतो. म्हणजे उभा धागा हातभर वरच राहणार. अशा जागी आम्ही मध्ये मध्ये बांधणी घालतो, म्हणजे आडव्या धाग्यानं तो उभा धागा दाबून धरतो. ती म्हणाली, "नको. काचेवर अंगठा कुठे अडतो?"

मागावरचे मामा वैतागले. "ताई, बोटात अडकतंय ओ हे. धुतलं की गुंता. आणि यात कला कुठाय?"

तिनं बर्लिनची गोष्ट सांगितली. सिमॉन वेकर्ट नावाच्या कलाकारानं 99 स्मार्टफोन हातगाडीत भरले आणि मोकळ्या रस्त्यानं ओढत नेले. गूगलच्या नकाशावर तो रस्ता लाल, वाहतूक तुंबलेली! 2020 साली त्याचा व्हिडिओ आला. मामा खूश. "गड्ड्याच्या जत्रेच्या वेळी होम मैदानाकडं फिरवू की एक गाडी. गर्दी तरी कमी होईल." कला पटली की नाही देव जाणे, खोडी मात्र पटली.

मीही आमची फुशारकी मारून घेतली: 1804 च्या सुमारास फ्रान्सात जाकार्डनं भोकांच्या पुठ्ठ्यांवर नक्षी चालवली, आणि तीच युक्ती पुढे चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणकयंत्राच्या आराखड्यात घेतली. तिला ते आधीच ठाऊक होतं.

माग सुरू झाला आणि मामांचं म्हणणं खरं ठरलं. न बांधलेला धागा सरळच राहतो म्हणून विणीत कमी लागतो, बाकीचे वर-खाली होत भराभर लागतात. थोड्याच वेळात मोकळे धागे लोंबायला लागले. मामा एकेक धागा मागं ओढून ताण देत होते, माग थांबवत होते, तेलुगूत पुटपुटत होते. कापड उतरल्यावर तिनं तळवा फिरवला, तर अंगठीच अडकली. सोडवताना ती हसत होती. म्हणाली, प्रदर्शनात "हात लावू नका" ही पाटी लावायची नाही.

मामांनी मला बाजूला घेऊन मागावर उरलेल्या उभ्या धाग्यांवर तेच डिझाइन बांधणी घालून मागितलं. संध्याकाळी दोन्ही कापडं टेबलावर होती. मालकांनी दर लावायला सांगितला. बांधलेल्या कापडाचा मी लगेच काढून दिला.