बंद पडलेला कॅमेरा: दुकानात नेण्याआधीचा पाऊण तास

रात्रीपर्यंत बरा चाललेला कॅमेरा सकाळी स्विच फिरवला तरी गप्प. अशा वेळी तोंडातून पहिले शब्द येतात ते ‘बोर्ड गेला’. बोर्ड जातो, नाही असं नाही, पण संशयितांच्या यादीत तो बराच खाली आहे. वर आहेत बॅटरी, तिचं झाकण, मेमरी कार्ड आणि लेन्सची सोनेरी टोकं. या चारही गोष्टी घरच्या घरी, स्क्रूड्रायव्हरला हात न लावता तपासता येतात.

त्यासाठी आधी कॅमेरा मोकळा करायचा. लेन्स, कार्ड, फ्लॅश, बॅटरी ग्रिप, ट्रिगर, माइक, यूएसबी केबल, जे जे निघतं ते सगळं काढायचं. लेन्सच्या जागी बॉडी कॅप लावायची. मग नुसती बॉडी आणि खात्रीची बॅटरी, एवढ्यावर स्विच ऑन करायचा. कार्ड नाही, लेन्स नाही अशी कुरकूर कॅमेरा करेल, ती करू दे. कुरकूर केली म्हणजे तो जिवंत आहे. पुढे एकेक वस्तू परत लावत जायची, दर वेळी बंद-चालू करून. जी लावल्यावर तो पुन्हा गप्प बसला, तिथे बिघाड.

बॅटरी

‘फुल चार्ज होती’ हा पुरावा नव्हे. डीएसएलआर (आत आरसा असलेल्या) आणि मिररलेस (बिनआरशाच्या) कॅमेऱ्यांच्या बहुतेक बॅटऱ्या दोन सेलच्या असतात. त्यांच्यावर ७.२ किंवा ७.४ व्होल्ट छापलेलं असतं आणि पूर्ण चार्ज झाल्यावर मीटर ८.४ च्या आसपास दाखवतो. लहान कॉम्पॅक्टची बॅटरी एका सेलची असते: छापील ३.६ किंवा ३.७, चार्ज झाल्यावर ४.२. कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुणाच्याही टेबलावर मल्टिमीटर असतो, डीसी २० व्होल्टवर ठेवून बॅटरीच्या अधिक-उणे टोकांना दोन सेकंद टेकवा. मधली टोकं तापमान आणि माहितीची असतात, त्यांना हात नको. दोन सेलची बॅटरी चार्जरवरून काढल्या काढल्या ७ च्या खाली दाखवत असेल तर ती संपलेली आहे.

पण उलटं खरं नाही. ८.२ दाखवणारी बॅटरीही आतून थकलेली असू शकते. लोड नसताना व्होल्टेज ठीक दिसतं आणि लेन्सची मोटर किंवा शटर ओढ घेतं तेव्हा कोसळतं. त्याची खूण ठरलेली: कॅमेरा ऑन होतो, स्क्रीन दिसतो, शटर दाबलं की सगळं काळं. किंवा बॅटरीच्या तीन काड्या दिसत असताना एका फोटोनंतर लाल. यावर मीटरपेक्षा बरा उपाय म्हणजे त्याच मॉडेलचा कॅमेरा असलेल्या मित्राची बॅटरी पाच मिनिटं मागून आणणं.

स्वस्तातल्या डुप्लिकेट बॅटऱ्यांचं वेगळंच. नव्या कॅमेऱ्यांची बॅटरीतल्या चिपशी बोलणी होतात. ती जमली नाहीत की कॅमेरा इशारा देतो किंवा ऑनच होत नाही. फुगलेली बॅटरी मात्र कोणत्याही कंपनीची असो, खाचेत दाबून बसवू नका. आत अडकली तर ती काढायला बॉडी खोलावी लागते. कपाटात सहा महिने पडून पार उतरलेली बॅटरी लावल्यावर चार्जरचा दिवा भराभर मिचकावतो, म्हणजे चार्जर तिला नाकारतोय. तारा जोडून तिला ‘धक्का’ देण्याचे व्हिडिओ बघू नका, लिथियम पेट घेतं. बॅटरी ठेवायचीच असेल तर अर्धवट चार्ज करून, कॅमेऱ्यातून बाहेर काढून.

पेन्सिल सेलवर चालणारा जुना कॉम्पॅक्ट असेल तर घड्याळात चालतात ते साधे सेल त्याला पुरत नाहीत. नवे कोरे असले तरी लेन्स अर्धी बाहेर येऊन थांबते. रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइड सेल १.२ व्होल्टचेच असतात, पण लागेल तेवढा करंट सोडतात.

झाकणातला दात

दुसऱ्याच्या चांगल्या बॅटरीवरही कॅमेरा पूर्ण मेलेला असेल तर बॅटरीच्या झाकणाकडे बघा. झाकणाच्या आतल्या कडेला ज्वारीच्या दाण्याएवढा प्लास्टिकचा दात असतो. झाकण लागलं की तो बॉडीतल्या एका बारीक भोकात शिरून आतलं बटण दाबतो. ते दाबलं गेलं नाही तर कॅमेऱ्याच्या लेखी झाकण उघडंच आहे, मग तो ऑन होत नाही. हा दात झिजतो, किंवा कॅमेरा पडला की मोडतो. झाकण उघडं ठेवून त्या भोकातलं बटण टूथपिकने हलकेच दाबा आणि स्विच ऑन करा. कॅमेरा उठला तर फक्त झाकण बदलायचं. सुई किंवा सेफ्टी पिन वापरू नका, शेजारीच बॅटरीचे पत्रे असतात. कॅननच्या बऱ्याच बॉडींना असाच स्विच कार्डाच्या झाकणालाही असतो, तोही बघून घ्या.

ऑन आहे, पण दिसत नाही

स्क्रीन काळा म्हणजे कॅमेरा बंद असं नाही. शटर दाबून कान द्या. ‘खट’ आवाज आला, कार्डाचा दिवा लुकलुकला, तर फोटो निघतोय. मिररलेसमध्ये व्ह्यूफाइंडरच्या वर किंवा खाली डोळा ओळखणारी एक काळी पट्टी असते. तिच्यावर धूळ, घाम किंवा बोट आलं की कॅमेऱ्याला वाटतं डोळा लावलाय, आणि तो चित्र व्ह्यूफाइंडरमध्ये पाठवतो. पट्टी पुसा, डिस्प्लेचं बटण दोनतीनदा दाबा. फिरणारा स्क्रीन असेल तर तो वेगवेगळ्या कोनांत उघडून बघा. एका कोनात दिसतो आणि दुसऱ्यात जातो, म्हणजे बिजागरीतली फ्लेक्स केबल (कागदासारखी पातळ पट्टी) चिरली. ते दुकानाचं काम.

सगळं दिसतं पण शटर दाबलं जात नाही, तर लेन्सवरचा स्विच एएफवरून (आपोआप फोकस) एमएफवर (हाताने फोकस) करा. फोटो निघाला तर बॉडी ठणठणीत आहे, फोकस लागत नव्हता एवढंच. किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्यासोबत येणारी, साधारण पाव मीटरच्या आतल्या वस्तूवर फोकस करत नाही, हे लग्नात अंगठीचे फोटो काढताना हमखास विसरलं जातं.

कार्ड

कार्ड बिघडलं की कॅमेरा ऑन होताना लटकतो. स्क्रीन उघडतो, पुढे काही नाही, दिवा पेटलेला, स्विच बंद केला तरी बंद होत नाही. बॅटरी काढा, कार्ड काढा, बॅटरी घाला. आता सुरळीत चालला तर निदान झालं. एसडी कार्डाच्या डाव्या कडेची लॉकची पट्टी सैल होऊन घालताना खाली सरकते, हाही नेहमीचा प्रकार. मायक्रो एसडी अडॅप्टरमध्ये घालून वापरणं मोबाइलपुरतं ठीक, कॅमेऱ्यात तो एक जादा सांधा आहे आणि सांध्यातच बिघाड होतात. फार जुन्या बॉडीत ६४ जीबीचं कार्ड चालत नसेल तर दोष कुणाचाच नाही: एसडीएचसीची मर्यादा ३२ जीबी आहे, त्यापुढचं एसडीएक्ससी जुन्या कॅमेऱ्याला वाचता येत नाही.

‘कार्ड फॉरमॅट करा’ असं कॅमेरा म्हणाला की लगेच हो म्हणू नका. त्या कार्डावर एकही नवा फोटो न काढता ते बाजूला ठेवा, कार्ड रीडरमधून कॉम्प्युटरला लावा आणि फोटोरेकसारख्या मोफत प्रोग्रामने फोटो दुसऱ्या डिस्कवर काढून घ्या. मग फॉरमॅट, तेही कॅमेऱ्यातच.

लेन्स आणि एरर ०१

कॅननवर एरर ०१ म्हणजे बॉडी आणि लेन्सचं बोलणं तुटलं. एरर ०२ कार्डाचा, ०५ वर न उठणाऱ्या फ्लॅशचा, २० आणि ३० आतल्या यंत्रणेचे, म्हणजे शटर-आरशाकडचे. जुन्या कॅननचा एरर ९९ हा सरसकट शेरा होता, त्यावरून काहीच कळत नसे. निकॉनवर एफ आणि दोन आडव्या रेघा म्हणजे लेन्स ओळखली नाही. एफईई दिसलं तर बिघाड नाहीच: ५० एमएम १.८ डीसारख्या लेन्सवरची अ‍ॅपर्चर रिंग (उजेड आत घेणारं छिद्र लहानमोठं करणारी) सरकली आहे. ती सर्वांत मोठ्या आकड्यावर फिरवून लॉक करा. सोनीवर सी:१३ कार्डाबद्दल बोलतो, सी:३२ हार्डवेअरबद्दल.

एरर ०१ आला की आधी टोकं साफ करायची. कोरडं, धागे न सुटणारं कापड घ्या. डाग हटेना तर ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर एक थेंब, कॅमेऱ्यावर नाही. बॉडीचं तोंड जमिनीकडे ठेवून पुसा, म्हणजे जे सुटेल ते सेन्सरवर न पडता खाली पडेल. खोडरबर टाळा, त्याचा चुरा आत जातो आणि टोकांचा सोनेरी मुलामा झिजतो. सॅनिटायझर आणि गंज काढायचे स्प्रे तर नकोच.

साफ करूनही एरर येत असेल तर दोन मिनिटांची चाचणी आहे. कॅमेरा एव्ही मोडवर (निकॉनवर ए) घ्या आणि अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवा, किट लेन्सवर एफ ३.५. फोटो काढा. मग एफ ८ वर काढा. उघड्यावर फोटो निघतो आणि ८ वर एरर, तर लेन्समधली अ‍ॅपर्चरची पाती किंवा तिकडे जाणारी फ्लेक्स केबल गेली. उघड्या अ‍ॅपर्चरला पाती हलवावीच लागत नाहीत, म्हणून तेवढं चालतं. झूम ठरावीक जागी नेल्यावरच एरर येत असेल तरी तीच केबल: झूम फिरवताना ती दर वेळी दुमडते आणि काही वर्षांनी दुमडीवर चिरते. १८-५५ च्या किट लेन्समध्ये हे इतकं सरसकट घडतं की बॉडी दुरुस्तीला देण्याआधी दुसरी लेन्स लावून बघणं सक्तीचं समजा.

गुलाल, भंडारा, पाऊस

आपल्याकडे कॅमेरे बंद पडण्याचे दोन हंगाम आहेत. एक जोतिबाची चैत्र यात्रा आणि पट्टणकोडोलीच्या यात्रेतला भंडारा, दुसरा जून ते सप्टेंबर.

गुलाल झूम रिंगच्या फटीत, मोड डायलखाली, फ्लॅश बसवायच्या खाचेत (हॉट शू) आणि डोळा ओळखणाऱ्या पट्टीवर बसतो. पहिली चूक म्हणजे ओल्या फडक्याने पुसणं. पूड ओली झाली की लगदा होऊन फटीतून आत उतरते आणि वाळली की घट्ट बसते; बटण दाबलेलं राहतं, डायल अडतो. क्रम असा: कॅमेरा बंद, बॅटरी बाहेर, लेन्स मात्र जागेवरच. कॅमेरा उलटा धरून रबरी ब्लोअर, मग कोरडा मऊ ब्रश, पुन्हा ब्लोअर, मग कोरडं मायक्रोफायबर, आणि सगळ्यात शेवटी हवंच तर किंचित दमट कापड. तोंडाने फुंकर मारली की थुंकी उडते. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा कधीही मारू नका. तिच्यात पाणी आणि तेल असतं, आणि दाब एवढा की पूड आणखी आत जाते.

कॉम्पॅक्टची लेन्स गुलाल-वाळूने अर्ध्यात अडकली तर नळ्यांच्या फटीभोवती ब्लोअर मारा, पातळ कागदाची पट्टी फटीतून सावकाश फिरवा, लेन्स जमिनीकडे करून चांगल्या बॅटरीवर ऑन करा. तीनचार प्रयत्न पुरे. टेबलावर आपटणं, हाताने ओढणं यातून आतले प्लास्टिकचे दाते तुटतात आणि लहान दुरुस्तीची मोठी होते.

पावसात भिजला तर स्विचला हात लावायचा नाही. ‘चालतोय का बघू’ म्हणून ऑन केलेला कॅमेरा पाण्याने नाही, पाण्यातून वाहिलेल्या विजेने जळतो. बॅटरी, कार्ड काढा, बाहेरून टिपून घ्या, सगळी झाकणं उघडी ठेवून पंख्याखाली काही तास, मग सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद डब्यात किमान ४८ तास. तांदळात पुरू नका. तांदूळ ओल फारशी ओढत नाही, त्याची पीठी मात्र फटीत जाते. हेअर ड्रायरही नको. मालवणला समुद्राचं पाणी लागलं असेल तर वाट बघण्यात अर्थ नाही, मीठ तासातासाला बोर्ड खातं, थेट दुकान गाठा.

एसी गाडीतून गगनबावड्याच्या घाटात उतरलात की गार कॅमेऱ्यावर दमट हवेचं पाणी धरतं, आतही. बॅगेची चेन अर्धा तास बंदच ठेवा.

इथे थांबायचं

शटर आपल्या हातचं नाही. साध्या डीएसएलआरचं शटर साधारण १ लाख, मधल्या श्रेणीचं दीड लाख क्लिकसाठी बनवलेलं असतं. लग्नात २,००० फोटो धरले तर ५० लग्नांत लाख पुरे होतात. लेन्स काढून पाहिल्यावर शटरची पाती तिरकी किंवा दुमडलेली दिसली तर बोट, ब्लोअर काही लावू नका. शटर बदलून मिळतं आणि बॉडी बाकी चांगली असेल तर बदलण्यासारखं असतं. बोर्ड बदलणं मात्र जुन्या बॉडीला सहसा परवडत नाही, पण आधी बोर्डावरचा फ्यूज तपासायला सांगा.

आणि बॉडी स्वतः उघडू नका. बाबूराव पेंटरांनी याच कोल्हापुरात मूव्ही कॅमेरा घडवला हे खरं, पण त्यात फ्लॅशचा कपॅसिटर नव्हता. बॅटरी काढल्यावरही त्यात ३०० व्होल्टच्या आसपास चार्ज राहू शकतो, आणि तो सणसणीत झटका देतो.

दुकानात देताना कार्ड आणि पट्टा काढून घ्या, बॅटरी सोबत द्या, बॉडीचा सिरियल नंबर पावतीवर घालून घ्या. चिठ्ठीवर ‘बंद आहे’ एवढंच लिहू नका. असं लिहा: ‘एरर ०१. एफ ३.५ वर फोटो निघतो, एफ ८ वर नाही. दुसऱ्या लेन्सवर एरर येत नाही. टोकं पुसली आहेत. पाणी लागलेलं नाही. खर्च कळवल्याशिवाय खोलू नये.’